बायकोच्या नावाची ढाल

माझ्या सासूला तिची लेक वारल्याचं आम्ही सांगितलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला गुलालाची लाज का वाटते ते कळेल.

सासू म्हणजे माझी सख्खी मामी. मामाची मुलगी केली मी, आमच्यात करतात. मामीचं वय नव्वदीच्या अलीकडं का पलीकडं ते तिला ठाऊक नाही, आम्हालाही नाही. औंधाच्या बाजूला, यमाईचा डोंगर दिसतो अशा गावात ती धाकट्या लेकाकडं असते. डोळे गेल्यात जमा आहेत, माणूस पुढ्यात आलं की नुसती सावली दिसते. कान मात्र असे तिखट की दूध उतू जायच्या आधी सुनेला हाक मारते.

माझी बायको दिवाळीच्या आधी गेली. कराडच्या दवाखान्यात गेली. मेहुण्यानं तिथं बाहेरच्या बाकड्यावर माझा हात धरला आणि म्हणाला, "दाजी, आईला ह्यातलं एक अक्षर कळू द्यायचं न्हाई. म्हातारी धसका घेईल. एका घरात दोन मढी नगत."

मी मान हलवली. तवा मला कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मान हलवली असती.

मग ठरलं असं की लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती नातीकडं पुण्याला आहे, प्रवास चालत नाही आणि फोनवर तिला नीट ऐकू येत नाही. दहावं, तेरावं सगळं मामीला चुकवून केलं. मेहुणा डोक्याचे केस उतरवायला तयार होईना, म्हातारीचा हात डोक्यावरनं फिरला तर कळेल म्हणून.

मी अधूनमधून मामीला बघायला जायचो. गेलो नाही तर संशय यायचा. ती खाटेवर बसलेली असायची, माझा आवाज ऐकला की पदर पुढं ओढायची आणि विचारायची, "पावणं, आमची पोरगी कशी हाय?"

"बरी हाय."

"चालती का?"

"काल चार पावलं चालली बघा."

असं बोलत बोलत मी तिला बरी करत आणली. आधी उठून बसवली, मग काठीनं चालवली, मग काठी सोडायला लावली. संक्रांतीच्या सुमाराला तर म्हणालो, आता जिना चढती, परवा पुरण घातलं तिनं. आत मेहुण्याची बायको ठसका लागल्यागत खोकली. मला गप्प बसायचा इशारा होता तो. पण मला थांबवत नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिथं जावंसं वाटायचं. माझ्या घरात ती मेलेली होती, भिंतीवर हार घातलेली. मामीच्या खाटेपाशी ती पुरण घालत होती. असल्या खोट्याची मला चटक लागली होती. घरी येताना एस्टीत खिडकीकडं तोंड करून बसायचो.

आता गाड्यांचं सांगतो.

माझ्या पोराचं सांगलीला, कुपवाडच्या बाजूला, वेल्डिंगचं शेड आहे. जाळ्या, गेट, ट्रॉल्या करतो. त्याला आणि त्याच्यासारख्याच चार-पाच जणांना गाड्यांच्या शर्यतीचं खूळ. मोठ्या शहरातल्या शर्यती म्हणजे श्रीमंतांचा कारभार. ह्यांनी काय केलं, पाइपाच्या चौकटी जोडल्या, मोडीतल्या स्कुटरची इंजिनं बसवली, बारकी चाकं लावली, वर लोखंडी कमान. बसलं की ढुंगण जमिनीला टेकतंय का काय असं वाटावं. लोक त्याला डबडी म्हणतात. तेही डबडीच म्हणतात.

नेम असा की सगळ्यांचं इंजिन एकसारखं, टायर एकसारखे. ज्याच्याकडं पैसा त्याची गाडी पुढं, असं चालायचं नाही. हलका माणूस असला तर त्याच्या सीटमागं वाळूची पिशवी ठेवायची. एकेक डबडी चार-चार घरं मिळून वापरतात. एका गाडीत सकाळी शाळेतली पोरगी बसणार, दुपारी तिची आई आणि नंतर तिचा मामा. पोरांच्या गाडीला रेसच्या पेडलखाली पट्टी ठोकतात, म्हणजे पेडल पुरतं दबत नाही. वयाची अट नाही. हेल्मेट नसलं तर मात्र बापाला पण बसू देत नाहीत.

पोरगं मला रविवारी न्यायला बघायचं. मी जायचो नाही. "मी आख्खी हयात कारखान्याला ऊस वाहिला. ट्रक चालवलाय, ट्रक. ह्या खेळण्यात काय बघू?"

"आबा, घरात बसून भिंत तरी काय बघताय?"

घरात मी खरंच भिंत बघायचो. सून चहा आणून ठेवायची, साय धरली की परत घेऊन जायची.

मग एके दिवशी पोरगं एक ढाल घेऊन आलं. शिसमासारखं पॉलिश, पितळी पत्रा, मध्ये त्याच्या आईचा फोटो. खाली लिहिलेलं, कैलासवासी अमुक-तमुक यांच्या स्मरणार्थ. आमच्याकडं कबड्डी असो, कुस्ती असो, भजनाची स्पर्धा असो, प्रत्येक बक्षीस कुणातरी मेलेल्याच्या नावानं असतं. पोरानं आईच्या नावानं ढाल ठेवली होती, साठीच्या पुढच्यांच्या शर्यतीसाठी. म्हणाला, "ढाल तुमच्या हातनं द्यायची. यायलाच लागंल."

फोटो भाच्याच्या लग्नातला होता. तिनं डोळे बारीक केलेले, ऊन होतं त्या दिवशी. मी म्हटलं, येतो.

शर्यत खानापूरच्या बाजूच्या माळावर होती. बैलगाड्यांच्या शर्यती होतात तोच माळ. रोलर फिरवून, पाणी मारून गोल रस्ता केला होता, वळणावळणाला उसाच्या पाचटाच्या गाठी रचल्या होत्या, गाडी घुसली तर त्यात घुसावी म्हणून. चहाचा गाडा, भेळ, मांडव. आणि निवेदकसुद्धा बैलगाड्यांचाच. ह्या माणसाचा आवाज चार तालुक्यांत ओळखतात. गाड्यांमधलं त्याला काही कळत नव्हतं, त्यामुळं तो त्यांना बैलासारखंच हाकत होता. "लाल डबडीनं शेपूट वर केलं! पिवळी उजवीकडनं अंगावर आली! आरं आवरा, आवरा त्या निळीला, खोंड उधळलं!" लोक हसून लोळत होते. सकाळी पोरासोरांच्या शर्यती झाल्या. एक बारकी पोरगी पाचटात घुसली, बाहेर आली ती डोक्याचं पाचट काढत, रडली नाही, तिनं इंजिनाला लाथ घातली. मला ते आवडलं.

मी मांडवात पुढच्या खुर्चीवर. मांडीवर ढाल. येणारा-जाणारा फोटोकडं बघायचा, मग माझ्याकडं, मग चपला बघायचा.

म्हाताऱ्यांची शर्यत आली तर गाड्या चार आणि म्हातारी तीन. एक साताऱ्याचा रिटायर हवालदार, ताठ मिशीचा. एक पीठगिरणी चालवणारी बाई, नातवाच्या हट्टानं आलेली, साडीचा काष्टा घातलेली. एक पेन्शनर मास्तर, ज्याला हेल्मेटात चष्मा बसेना. चौथ्याला ऐनवेळी बायकोनं सोडलं नाही.

पोरगं माझ्याकडं आलं. "आबा, बसा की. एक गाडी मोकळी हाय."

"येडा का काय तू? ढाल आपली, आपणच पळायचं?"

"आवं, नुसतं बसा. सगळ्यात मागं ऱ्हावा. चार गाड्या दिसल्या म्हणजे मैदान भरल्यागत वाटतंय."

घरची ढाल घरात न्यायची नसते, हे काय सांगायला लागतं? ज्यानं देवाला बकरं सोडलं त्यानंच ते दावणीला परत बांधल्यासारखं दिसतं. आणि वर्ष सरलेलं नव्हतं. आमच्या घरात त्या साली दिवाळी नाही, संक्रांत नाही, दारात रांगोळी नाही. मी नाहीच म्हणणार होतो. पण हवालदार शेजारी हातमोजे चढवत होता, त्यानं ऐकलं. म्हणाला, "राहू द्या हो. ऊसवाल्यांना कुठं घाई असती? त्यांची गाडी कारखान्याच्या काट्यावर आठवडा आठवडा उभी."

गिरणीवाली बाई खुदकन हसली.

मी टोपी काढून पोराच्या हातात दिली.

डबडीत बसणं म्हणजे पाय आधी घालायचे, मग कंबर सोडून द्यायची. मी कंबर सोडली ती खाली जाऊन आदळलीच. दोघांनी पट्टे आवळले. हेल्मेट घातलं तर माझाच श्वास माझ्या कानात. पोरानं काचेवर टकटक केलं आणि बोटानं मागं, मागं अशी खूण केली. मी मान हलवली. त्या वेळी खरंच मागं राहायचं होतं मला.

झेंडा पडला.

ट्रक उंच असतो. वरनं रस्ता दिसतो, ओझं मागनं ढकलतं, वळणाच्या आधी कितीतरी लांबनं वेग मोडायला लागतो. ह्या गाडीत मी जमिनीवर बसल्यागत होतो आणि जमीन अंगाखालनं पळत होती. धूळ दातात. पहिला फेरा मी शहाण्यासारखा मागं काढला. पुढं मास्तर, चष्मा नाकावर आल्यामुळं मान वर करून चालवत होता. दुसऱ्या फेऱ्यात तो वळणावर पार बाहेर गेला आणि मी त्याला मागं टाकलं. टाकायचं म्हणून टाकलं नाही, तो गेला बाहेर. असं मी मनाला सांगितलं.

आमची ही ट्रकच्या कॅबिनमध्ये बसली की दांडी धरून, डोळे मिटून, "हळू, हळू" करायची. माहेरी जातानाही, बाजाराला जातानाही. तिच्या "हळू"पायी मी कधी गाडी मोकळी सोडली नाही. त्या माळावर सरळ रस्त्याला लागलो, पाय पुरता दाबला, आणि मला जाणवलं की कानात "हळू" म्हणणारं कुणी नाही. आणि मी हसलो. हेल्मेटात मोठ्यानं हसलो, पोरं पाण्यात उड्या मारताना हसतात तसं. तिला जाऊन वर्ष झालं नव्हतं, आणि तिचा आवाज नाही ह्याचं मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरालाही नाही.

पुढं हवालदार आणि गिरणीवाली बाई एकमेकांना जागा देईनात. हवालदाराला वाटलं बाई आहे, दबेल. ती दबली नाही. शेवटच्या फेऱ्यात वळणावर दोघांची चाकं एकमेकांत अडकली आणि दोघं जोडीनं पाचटात गेले. निवेदक किंचाळला, "गेलं गेलं, बैलजोडी गव्हाणीत गेली!" मी मधनं निघालो. पुढं रस्ता रिकामा.

इथं मला थांबता येत होतं. मागं वळून बघितलं तर गिरणीवाली बाई गाडी पाचटातनं काढून परत रस्त्याला लागलेली दिसली, चांगल्या तावात होती. मी नुसता पाय उचलला असता तर ती गेली असती. ढाल तिच्या घरी गेली असती, गिरणीत पिठाच्या धुरळ्यात टांगली असती, चांगलं दिसलं असतं. मला हे सगळं त्या वेळी सुचलं होतं. सुचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पाय उचलला नाही.

शेवटाची दोरी ओलांडली. गाडी थांबवली. मला वर येता येईना. गुडघे वळेनात, कंबर वर उठेना. दोघा पोरांनी बगलेत हात घालून उसाची मोळी उपसावी तसं मला उपसलं. सगळं मैदान बघत होतं. पाय जमिनीला लागले, पण चेहऱ्यावरचं हसू जाईना. हेल्मेट काढलं, तरी हसूच.

मी पोराला म्हटलं, "ढाल बाईला द्या. मला मोजू नगा."

पोरगं काही बोलायच्या आत निवेदकानं माइक उचलला होता. त्याला कुणीतरी कानात सांगितलं असणार. त्यानं आवाज खाली आणला, रडवेला केला, असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "मंडळी, टाळ्या थांबवा. ही ढाल कुणाच्या नावाची हाय ठावं हाय का? ह्या म्हाताऱ्याच्या बायकोच्या नावाची! माउली दिवाळीच्या आधी ह्या जगातनं गेली. आन आज तिच्या नावाची ढाल, तिच्या नवऱ्यानं, जिवाची बाजी लावून, घरी नेली! देवाघरनं बघत असंल ती! उधळा रं गुलाल!"

आणि गुलाल आला. मूठमूठ नाही, पिशवीच डोक्यावर उपडी झाली. डोळ्यात, तोंडात, सदऱ्याच्या आत. मी नको नको म्हणून हात वर केला तर लोकांना वाटलं मी जिंकल्याचा हात वर केला. ढाल हातात कोंबली. फोनवाले पुढं सरकले. त्या फोटोत मी लालभडक, दात बाहेर, आणि ढालीवर ती, डोळे बारीक करून.

गिरणीवाली बाई जाताना जवळनं गेली. थांबली नाही, नुसती म्हणाली, "वरीस तरी सरू द्यायचं व्हतं, दादा." तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं. मला ते तवा दिसलं.

घरी आल्यावर नळाखाली डोकं धरलं. गुलाल लवकर जात नाही, पांढऱ्या केसात तर नाहीच. सुनेनं पातेल्यात गरम पाणी दिलं, शाम्पू दिला. केस गुलाबी राहिले. रात्री मी जेवलो नाही. पोरानं ढाल फोटोशेजारी टांगायला खिळा काढला, मी म्हटलं, "ती दिसंल अशी ठेवू नगंस." तो बिचारा खिळा परत ठेवून आला. त्यानं माझ्यासाठीच केलं होतं सगळं.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. म्हणाला, "दाजी, काय केलंसा ओ हे?"

मी म्हटलं, "बघितलं व्हय तुमी?"

"मी बघितलं त्याचं काय न्हाई. शेजारच्या पोरांनी कट्ट्यावर व्हिडिओ मोठ्यानं लावला, तुमचं नाव घेऊन वरडली. आई खाटेवर बसली हुती. त्या निवेदकाचा आवाज तुमाला म्हाईतच हाय." मग म्हणाला, "तुमाला बोलावलंय तिनं. एकट्याला."

मी डोक्याला टोपी घट्ट बसवली आणि निघालो. विट्याला एस्टी बदलली. वाटभर मी एकच करत होतो, काय सांगायचं ते जुळवत होतो. व्हिडिओ दुसऱ्याचा आहे म्हणावं. निवेदकाची गफलत झाली म्हणावं. पुण्याला फोन लावून नातीला आजीच्या आवाजात बोलायला लावावं, इथपर्यंत गेलो. मामीच्या गावात उतरलो तोवर नव्या थापांची पुरी तयारी झाली होती.

मामी ओसरीवर खाटेवर होती. मेहुणा खांबाला टेकून उभा. मी "मामी" म्हणालो. तिनं पदर पुढं ओढला नाही. पदर खांद्यावर पडला होता, पांढरे केस उघडे, आणि ती तशीच बसून राहिली. जावई झाल्यापासून मी तिचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं.

"आलास? बस."

लग्न झाल्यापासून तिनं मला अरे-तुरे केलं नव्हतं. लहानपणी मामाच्या गावाला आलो की करायची. मी जमिनीवर बसलो.

"पयला आलास म्हणं."

मी टोपी सावरली.

"टोपी काढ."

काढली. तिनं हात पुढं केला, माझं डोकं चाचपलं, बोटं नाकाशी नेली. रात्री कितीही धुतलं तरी वास राहतो.

"कवा गेली?"

वाटेत जुळवलेलं मी काही काढलं नाही. "दिवाळीच्या आधी."

"आन मग माझ्याम्होरं जिना चढत हुती ती कोण? पुरण घातलं ती कोण? सांग की. मी हितं जोंधळ्याच्या दाण्यावर दिवस मोजत बसली, की उन्हाळा लागला म्हंजी लेक येईल."

मेहुणा पुढं आला. "आई, त्यांचा दोष न्हाई. मीच म्हणलो, तुला सोसायचं न्हाई म्हणून..."

"तू गप. तुझं मी निराळं बघती." मग परत माझ्याकडं, "न सोसाय काय झालं? दोन लेकरं पुरलीत मी, तवा तुमी जन्मला नव्हता. नवरा जाळला. मला काय सोसतंय ते तुमी ठरवणार? डोस्क्यावर गुलाल घ्यायला सवड झाली तुला, मला सांगायला झाली न्हाई."

मी जमिनीकडं बघत होतो. तिथं मुंग्या चालल्या होत्या, त्यांच्याकडं बघत होतो.

मामी रडली नाही. तिनं सुनेला हाक मारली. "पाणी तापव. आंघोळ करायची हाय मला, लेकीच्या नावानं."

सून दारात आली. "आवं आत्याबाई, इतक्या महिन्यांनी? ते सुतक तर कवाच..."

"तुमचं फिटलं आसंल. माझ्यासाठी ती काल मेली."

सून माझ्याकडं बघायला लागली. मी उठलो. म्हटलं, पाणी मी तापवतो. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल होती, मोठं पातेलं ठेवलं, हौदातनं पाणी आणलं, काटक्या घातल्या. धुरानं डोळ्याला पाणी आलं, ते बरं झालं. पाणी कढायला लागल्यावर बादलीत काढून न्हाणीच्या दाराशी नेऊन ठेवलं. न्हाणी म्हणजे आडोशाच्या तीन भिंती आणि दाराला जुनं लुगडं बांधलेलं. सुनेनं मामीला धरून आत नेलं. मी वळून जायला लागलो तर आतनं आवाज आला.

"जाऊ नगंस. तिथंच बस. तिचं सांग."

लुगड्याच्या अलीकडं, दगडावर मी बसलो. आत तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज. तिनं विचारायचं, मी सांगायचं. कुणाच्या मोटारीतनं नेली. कोण कोण होतं. दुखत होतं का. हिरवं लुगडं नेसवलं का, चुडा भरला का, ओटी भरली का. भरली, म्हणालो, सगळं केलं, सवाष्णीगत पाठवली. मामीनं आत हुंकार दिला.

"शेवटी काय बोलली?"

"हितं कशाला आणलंय म्हणाली. घरी चला म्हणाली."

"आन?"

"आन मग पाय दाबा म्हणाली. मी दाबत हुतो."

तांब्याचा आवाज थांबला. मला कळलं पुढं काय येणार आहे. इतके महिने ह्या बाईला मी वाटेल ते सांगत आलो होतो, एक अजून सांगायला काय लागत होतं? तिचा जीव थंड झाला असता. जिभेवर आलंसुद्धा.

"माझी आठवण काढली का तिनं?"

"न्हाई, मामी," मी म्हणालो. "न्हाई काढली."

सुनेनं लुगडं जरासं बाजूला करून माझ्याकडं बघितलं, असं बघितलं की मला तिथनं उठून थेट रस्त्याला लागावंसं वाटलं. मग मामी रडायला लागली. मोठ्यानं, जुन्या बायका रडतात तसं, लेकीला नावानं हाका मारत, तिच्या बाळपणीचं एकेक काढत. शेजारपाजारच्या बायका दार ढकलून आल्या. मेहुणा पुढच्या ओसरीवर भिंतीकडं तोंड करून उभा राहिलेला मला मधल्या दारातनं दिसला. मी दगडावरच बसून राहिलो, टोपी हातात, कारण मला बस म्हटलं होतं.

बऱ्याच वेळानं रडणं उतरलं. बायका आपापसात बोलायला लागल्या. लुगड्याआडनं मोकळी बादली बाहेर सरकली.

"पाणी सरलं," मामी म्हणाली. "अजून आण."

मी बादली उचलली आणि हौदाकडं गेलो.